खालच्या बाणाविषयी साडूभाऊंना

साडूभाऊ,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा खांदा अजून पुरता वर जात नाही, म्हणून नमस्कार जरा डावीकडे कलला आहे. तो सरळ मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? औषधाच्या गोळ्या जेवणाआधी घेता की नंतर? आधीच्या नंतर घेतल्या तर काही होत नाही, पण नंतरच्या आधी घेतल्या तर पोटात जळजळ होते, हे मी स्वतःवरून सांगतो. ताईंचा रक्तदाब ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे आमची ही बरी आहे. मीही बरा आहे, म्हणजे जसा असतो तसा. छातीत अधूनमधून काहीतरी होतं. डॉक्टर म्हणतात काही नाही. मला त्या 'काही नाही'चीच काळजी वाटते.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. तर फोन केला की ताई उचलतात आणि 'ते झोपलेत' म्हणतात. सकाळी केला तरी झोपलेत, दुपारी जेवणाच्या वेळी केला तरी झोपलेत. मागच्या खेपेला मला तुमचा खोकला ऐकू आला. माणूस झोपेत खोकतो, हे मला मान्य आहे. पण झोपेत कोणी 'झोपलोय म्हणून सांग त्याला' असं म्हणत नाही. म्हणून हे पत्र. पत्र दारात आल्यावर त्याला झोपलोय म्हणून परत पाठवता येत नाही. (येतं का? पोस्टमन तुमच्या ओळखीचा असला तर कोण जाणे.)

सांगायचं ते हे की त्या साइटवर लिहिणं तुम्ही सोडलंत ते फार चांगलं केलंत. तुम्ही रागावून गेलात, त्यात माझ्यावरचाही थोडा राग होता, हे मला ठाऊक आहे. पण तुमचं काही बुडालं नाही, एवढं कळवण्यासाठीच मुख्यतः लिहितो आहे. तिथे आता काही राहिलेलं नाही.

पूर्वी काय होतं, आठवतं? कोणी कुठेतरी काही वाचलं आणि आवडलं की त्याची लिंक आणून तिथे टांगायचा आणि खाली बाकीचे कमेंट लिहायचे. आपल्या 'जुनी कामं' या कोपऱ्यात तर मोजकीच माणसं होती, पण एकेक कशी! मी ती लिंक कधी उघडली नाही, खरं सांगतो. लिंकमध्ये काय असणार, कुठल्यातरी बातमीदाराने उभ्याउभ्या लिहिलेलं. खरा माल खाली कमेंटमध्ये. ती इस्पितळातल्या चादरी धुणारी बाई आठवते? नुसत्या चादरीवरून रोगी झोपला की तळमळला ते तिला कळायचं, आणि ते तिने असं लिहिलं होतं की मी माझी चादर उठून नीट केली. तो जहाजावरचा आचारी, वादळात मीठ कसं टाकायचं ते सांगणारा. तो 'चष्मा', निवृत्त मास्तर, सगळ्यांच्या चुका काढायचा आणि शेवटी 'माझी चूक असल्यास सांगावे' असं लिहून स्वतःच बाजूला उभा राहायचा. आणि तुम्ही, 'भट्टीवाला'. बेकरीच्या भट्टीत हात घालून तिचा राग कसा ओळखायचा ते तुम्ही लिहिलंत तेव्हा मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, "दाजींना भट्टीचा राग कळतो, ताईचा कधी कळला नाही." (हे ताईंना वाचून दाखवू नका.)

आता काय आहे ते ऐका. परवा कोणीतरी दीपगृहाच्या जिन्याची लिंक लावली. जुना जिना, तो रोज चढणारा माणूस, किती बोलण्यासारखं! मी चष्मा पुसून खाली गेलो. पहिली कमेंट: 'पहिला'. त्याखाली: 'दुसरा'. मग हसणारी तोंडं, नुसती तोंडं, ओळीने. मग केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात. मग एकाने लिहिलं की वाचलं नाही, पण पटलं नाही. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि दोघे भांडत भांडत एकमेकांच्या वडिलांपर्यंत पोहोचले. दीपगृह तिथेच राहिलं, साडूभाऊ. कोणी वर गेलंच नाही.

मी आयुष्यभर लिफ्ट चालवली. लिफ्टमध्ये माणसं भांडत नसत. साहेब आणि त्याने नोकरीवरून काढलेला कारकून एकाच फेरीत खाली आलेले मी पाहिले आहेत. दोघे दाराकडे तोंड करून उभे, आणि उतरताना कारकुनाने साहेबाला आधी जाऊ दिलं. कारण मागच्याचा श्वास आपल्या मानेला लागत असतो. या साइटवर कोणाचा श्वास कोणाला लागत नाही. तेवढाच काय तो घोटाळा आहे, बाकी माणसं तीच असणार.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. कोणीतरी छत्री दुरुस्त करणाऱ्याची लिंक लावली, तिच्याखाली एकाने लिहिलं, 'छत्री म्हणजे काय?' मला वाटलं, असेल बिचारा पाऊस न पडणाऱ्या मुलखातला. मी त्याला सविस्तर लिहिलं. नेहमीप्रमाणे आधी सप्रेम नमस्कार, घरी सगळे कसे आहेत, मग छत्रीची मूठ, काड्या, कापड, आणि वाऱ्यात उलटी झाली तर घाबरून न जाता काय करावं. त्याचं उत्तर आलं: 'तुला कोणी विचारलं?' मी लिहिलं की विचारलं आपणच, आपली कमेंट वर आहे, पाहावी. त्यावर: 'लांबलंय, वाचलं नाही.' मग मी तेच थोडक्यात लिहून काढलं, नमस्कारसुद्धा अर्धा केला. त्यावर एक हसणारं तोंड आलं, डोळ्यांतून पाणी गळणारं. मला वाटलं रडतोय. मी त्याचं सांत्वन केलं. तेव्हापासून तिथे माझं नाव 'छत्रीकाका' पडलं आहे. कुठेही लिहिलं की खाली कोणीतरी 'आले छत्रीकाका' म्हणतं. अपमान आहे की कौतुक, सांगता येत नाही. मी प्रत्येकाला धन्यवाद देतो. न जाणो.

आता तुमच्या रागाविषयी. आपल्या दोघांच्याही मागे तिथे कोणीतरी हात धुऊन लागलं होतं, हे मी कधीच नाकारलं नाही. मी काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी निरोप हजर: 'एका वाचकाने नापसंती दर्शवली.' तुम्ही लिहिलंत की तुम्हाला तोच निरोप. कधी दोन वाचक नाहीत, कायम एकच. आपण फोनवर किती डोकं खाजवलं! ही नापसंती कुठून देतात तेही आपल्याला सापडलं नाही. सापडलं असतं तर आपणही दोन-चार देऊन टाकल्या असत्या. शेवटी तुम्ही ठरवलंत की हा चष्माच, कारण चुका काढायची खोड त्याची. आणि तुम्ही त्याला जे लिहिलंत, साडूभाऊ, ते मी पुन्हा इथे लिहीत नाही. मास्तराने एवढंच उत्तर दिलं की 'मी आपले सर्व लेखन आवडीने वाचत आलो आहे. माझी चूक असल्यास सांगावे', आणि तो गेला तो पुन्हा दिसला नाही. पाठोपाठ चादरीवाली बाई गेली. मग तुम्हीही गेलात.

तुमच्या बाजूने मी एक ओळ लिहिली नाही, हा तुमचा माझ्यावरचा राग. पण मी लिहीतच होतो हो! नमस्कार झाला होता, मास्तरांच्या तब्येतीची चौकशी चालू होती, तेवढ्यात सगळं भांडण संपून माणसं घरी गेली. मला टाइप करायला वेळ लागतो. एक बोट आहे, आणि तेही जाड.

एक मात्र बरं झालं. तुम्ही गेलात त्याच सुमारास माझाही वैरी गेला. आता मी काहीही लिहिलं तरी नापसंती येत नाही. पहिले काही दिवस हलकं वाटलं. मग सुनं सुनं वाटायला लागलं. माणसाला वैऱ्याचीही सवय होते की काय, कोण जाणे.

असो. तर अशी सगळी रया गेली आहे. तुम्ही सुटलात. गुडघ्याला शेक द्या आणि त्या साइटचं नाव काढू नका. ताईंना नमस्कार. राग धरू नये, धरलाच असेल तर उतरत्या वयात झेपेल एवढाच धरावा.

तुमचा धाकटा साडू
(तिथला 'तिसरा मजला', हल्लीचा छत्रीकाका)

ता. क. – ही सांगते की तुमच्याकडे राहिलेला आमचा थर्मास परत पाठवावा. घाई नाही. पण झाकण वेगळं गुंडाळावं, नाहीतर तुटतं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. फाटलेलं दिसेल. कोणी मधे उघडून वाचलं असं समजू नका, मीच तो.

एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, लिहायला धीर झाला नाही. तुम्हाला आठवतं, जावयाने तुम्हाला फोन दिला तेव्हा आमच्याकडे, त्या स्प्रिंग तुटलेल्या सोफ्यावर बसून आपण दोघांनी ती साइट पहिल्यांदा उघडली? प्रत्येक कमेंटच्या बाजूला दोन बाण होते, एक वर तोंड केलेला, एक खाली. तुम्ही विचारलंत, "हे कशाला?" मी म्हणालो, "साडूभाऊ, बाणांचं मला विचारा. जन्म गेलाय बाणांवर. वरचा बाण म्हणजे परत वर जायचं. खालचा म्हणजे या मजल्याचं काम झालं, चला खाली." तुम्हाला ते पटलं. वर तुम्ही भर घातलीत, की जे अर्धवट वाचलं किंवा आवडलं नाही तिथे बाण दाबायचाच नाही. जे शेवटपर्यंत मनापासून वाचलं त्याचाच खालचा बाण दाबायचा, बाहेर पडताना फाटक लावावं तसा. मला ते फार सभ्यपणाचं वाटलं. तेव्हापासून आपण दोघे तसंच करत आलो.

तर परवा मी जिन्यांच्या कठड्यांबद्दल एका सुताराने लिहिलेलं वाचत होतो. फार दिवसांनी काहीतरी चांगलं आलं होतं. वाचून झालं, मी समाधानाने खालचा बाण दाबला. सूनबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "बाबा, त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "का गं? छान लिहिलंय की त्याने."

"मग नापसंती का देताय?"

पुढचं बोलणं लिहीत नाही. तिने मला दोनदा समजावलं, पहिल्यांदा हसू दाबून आणि दुसऱ्यांदा न दाबता. खालचा बाण म्हणजे नापसंती. ज्याला तो जास्त पडतो ती कमेंट खाली खाली जाते आणि शेवटी दिसेनाशी होते. वर उरतात ती, जी कोणी वाचलीच नाहीत. 'पहिला' आणि हसणारी तोंडं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सूनबाई म्हणते, दोघा म्हाताऱ्यांच्या बाणांनी एवढी साइट बुडत नाही, उगाच स्वतःला मोठं समजू नका. तिचं बरोबर असेल. पण आपल्या कोपऱ्यात वाचणारेच किती होते? ती चादरीवाली, तो आचारी, एकेकाचं मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आहे. मास्तराचं तर दोन-दोनदा. आता त्याला शोधायचं कुठे? चष्मा म्हणून हाक मारली तर अर्धा गाव वळून बघेल.

ता. क. तिसरा – तुमच्या लक्षात आलंच असेल, भट्टीत हात घालून बघणारे तुम्ही. तरी लिहितो. माझ्या मनात रात्रंदिवस तेच घोळतं आहे. तुमचा वैरी मी होतो. आणि माझा तुम्ही. ज्या नापसंतीवर आपण एवढे जळफळलो, ती येत होती तोवर तुम्ही माझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचत होतात. नमस्कारापासून तब्येतीच्या चौकशीपर्यंत सगळं. दुसऱ्या कोणी कधी एवढं वाचलेलं नाही, आमच्या हिनेसुद्धा नाही. आणि ती थांबली त्या दिवशी तुम्ही वाचायचं थांबलात, हे मला आज कळतं आहे.

ता. क. चौथा, आणि हा शेवटचा, पाकिटात आता कागद मावत नाही – थर्मास राहू द्या तुमच्याकडेच. मी काल तिथे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती त्या दिवसाचं लिहिलं आहे. जरा लांबलंय. त्यावर आतापर्यंत एकाची पसंती आली आहे, पण ती सूनबाईची, न वाचता दिलेली. तुम्ही फोनवर खुशाल झोपा, माझी तक्रार नाही. फक्त एकदा ते वाचून काढा. आणि वाचून झालं की खालचा बाण दाबा. वरचा नको, तो कोणीही दाबतं.