भिंतीवरचं तिखट

१८ जून
वैमानिक एमिलच्या विमानाने मला टॅलो नदीच्या पाण्यावर धपकन उतरवलं. मी नखशिखांत भिजले, तरी आज मन भलतंच खुशीत आहे. कामही झकास. नदीत आडवं कुंपण घातलंय, त्याच्या फटीतून वर चढणारे सामन मासे दिवसातून सहा वेळा मोजायचे. तळावर आम्ही तिघंच. मुख्य ऑर्व्हिल, पंचवीस उन्हाळे इथे काढलेला, बोलणं मोजकं आणि तेही तिरकं. त्याची विधवा बहीण बर्डी यंदाच प्रथम ओहायोहून स्वयंपाकाला आली आहे. तिने माझ्या ताटात पाच पॅनकेक वाढले आणि जाहीर केलं की तिला लेक नाही, तेव्हा आता मीच. मला काठावरचं वेगळं खोपटं मिळालंय.

१९ जून
अस्वलं मासे खायला कुंपणापर्यंत येतात, म्हणून इथे प्रत्येकाने आपलं एक हत्यार निवडायचं. ऑर्व्हिलने टेबलावर बंदूक ठेवली, शेजारी तिखटाचा फवारा. म्हणाला, बंदूक घे पोरी, वारा उलटला तर फवाऱ्याने तूच रडत बसशील आणि अस्वल हसत बसेल. मी म्हटलं, धावून येणाऱ्या जनावरावर घाबरलेल्या हाताने नेम कसला धरायचा? त्यापेक्षा तिखटाचा ढग बरा. मी फवाऱ्याचे चार डबे उचलले. मागच्या उन्हाळ्यात मासे मोजणारी पोरगीही अशीच हट्टी होती, एवढं पुटपुटून तो निघून गेला. तिचं पुढे काय झालं ते विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं. बर्डीने मात्र मला डोळा मारला. तिच्या मते बंदुका म्हणजे बाप्यांची खेळणी.

२५ जून
दुपारी माझ्या खिडकीशी अस्वल! चौकट चाटत होतं. टाळ्या वाजवल्या तसं गेलं. मजा वाटली. ऑर्व्हिल मात्र तेव्हापासून रोज बंदूक घेऊन माझ्या खोपट्याला फेरी मारतो आणि भिंती निरखत उभा राहतो. का, ते सांगत नाही.

२८ जून
आज अस्वल तिसऱ्यांदा. बर्डीच्या स्वयंपाकघरात दिवसभर मासे तळले जातात, तिकडे ते ढुंकूनही बघत नाही. माझ्याकडे पावाचा तुकडा नसतो, तर माझ्या दाराची फळी कुरतडून ठेवलीय. पेटीत पाहिलं, चारांपैकी दोनच डबे. मनात शंकेची पाल चुकचुकली. ऑर्व्हिलला विचारलं, तर म्हणतो, मासे तरी नीट मोजतेस ना?

२ जुलै
एमिल सामान घेऊन आला. माझ्या भिंतीवरचे तांबूस डाग त्याने बोटाने पुसून हुंगले आणि सात शिंका दिल्या. म्हणाला, अगं बये, हे अस्वलाच्या तोंडावर मारायचं असतं, भिंतीवर नाही! वाळलं की त्याचा वास अस्वलाला चटणीसारखा ओढतो. वरच्या तळावर कोणीतरी रबरी होडीला फासलं होतं, तर अस्वलाने होडीच खाल्ली. तो पोट धरून हसला. मला हसू येईना. मी तर भिंतीवर थेंबही मारलेला नाही.

फवारा कुचकामी ठरावा असं इथे कोणाला वाटतं, ते मला माहीत आहे. एमिल म्हणाला, चल परत. पण मी पळपुटी नाही. त्याला गप्प राहायला सांगितलं. बर्डीलाही बोलले नाही. सख्ख्या भावाचं हे ऐकून बिचारी खचेल.

४ जुलै
सकाळी भिंती साबणाने घासल्या. दुपारी पुन्हा लाल.

ऑर्व्हिल बिनतारी यंत्रावर कचेरीशी बोलत होता. दाराआड उभी राहून ऐकलं. म्हणाला, या पोरीला इथून हलवा, नाहीतर काहीतरी होऊन बसेल.

म्हणजे त्याने ठरवलंय.

५ जुलै
एकच डबा उरलाय. कमरेच्या पट्ट्यातच ठेवते. अस्वल रोज येतं, त्याच्यामागे बंदूक घेऊन हा. माझ्या भिंती पातळ फळ्यांच्या. अस्वलावर झाडलेली गोळी चुकून आत गेली, असं सांगितलं तर कोण विचारणार? मला त्या जनावरापेक्षा या माणसाची भीती वाटते.

६ जुलै, दुपार
केलं. जेवताना कमरेला काही लटकलेलं बर्डीला चालत नाही. ऑर्व्हिलची बंदूक दाराबाहेर टेकलेली, माझा पट्टा खुंटीला. तो दुसऱ्यांदा रस्सा घेत होता, तेवढ्यात हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आले, पाचही काडतुसं काढली आणि नदीत —

परत येऊन पट्टा बांधला. आता भुंकू दे रिकाम्या बंदुकीला.

६ जुलै, पाच वाजता
अस्वल दाराशी आहे. आजवर कधी एवढ्या जोराने — कडी वाकलीय. डबा काढला. हलका. दाबला तर नुसता फुस्स —

बर्डी स्वयंपाकघरातून ओरडतेय. आनंदाने! घाबरू नकोस गं पोरी, दुपारी तुम्ही जेवत होतात तेव्हा तुझ्या पट्ट्यातला शेवटचा डबा नेऊन तुझ्याच दारावर मारलाय, रोज मारते मी, डासांच्या औषधासारखा —

बर्डी. देवा, बर्डी!

वरची फळी गेली. पंजा आत —

थांबलं. मागे वळलं. फटीतून दिसतंय. ऑर्व्हिल धावत आलाय, हाका मारून त्याला स्वतःकडे ओढतोय, माझ्यापासून लांब. मला ओरडून सांगतोय, खाली झोप पोरी, मी आहे. बंदूक खांद्याला लावली. दहा पावलं. ठाम उभा आहे. त्याला माहीतच नाही. मी ओरडतेय, पळ ऑर्व्हिल, पळ, त्यात एकही —