ऐकलेली पुस्तकं

फ्लोरो, २६ मार्च १९७९

प्रिय राग्ना,

माझं अक्षर पाहून तुला वाटेल, हिला काही झालेलं नाही. ओळी थोड्या खाली घसरल्या असतील, पण अक्षर तेच आहे, फळ्यावर लिहायचे तेच. फक्त हे पत्र मला वाचता येणार नाही. आत्ता लिहिलेलं हे वाक्यसुद्धा लेखणी पुढं सरकली की माझ्यासाठी नुसत्या रेघा होतं. दोन वर्षांपूर्वी मेंदूतली एक नस तुंबली. हात शाबूत राहिला, बोलणं राहिलं, लिहिणं राहिलं. वाचणं तेवढं गेलं. हे तुला नाताळच्या कार्डावर कळवलं होतं, पण कार्डावर असं काही नीट सांगता येत नाही. आता हाल्वरचा आवाज जायचा आहे. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बेर्गनच्या इस्पितळात त्याचं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ आहे. जगेल म्हणतात. बोलणार नाही.

इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा नर्सनं पेपर दिला. मी म्हटलं, हा कुठल्या देशाचा? ती म्हणाली, "अहो, आपलाच, कालचा." मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिनं कागद दिला आणि नाव लिहा म्हणाली. मी लिहिलं. तिनं कागद उलटा धरला, सरळ केला, परत माझ्यापुढं धरला आणि विचारलं, कुणाचं नाव? मला सांगता आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की लिहिण्याची वाट वेगळी, वाचण्याची वेगळी, आणि दुसरी बंद झाली आहे. एकेक अक्षर बोटानं गिरवलं तर हाताला कळतं. दुकानाची पाटी तेवढी जमते. तीस वर्षं मी मुलांना साहित्य शिकवलं, आणि आता पावाच्या दुकानासमोर भिंतीवर बोट फिरवत उभी असते.

गावाला हे पटत नाही. टपाल कचेरीतल्या लोकेनबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सिग्रुनबाई, लिहिता येतं पण वाचता येत नाही? म्हणजे पोहता येतं पण ओलं होता येत नाही!" सगळे हसले. माझ्याबरोबर आलेला हाल्वर पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमचंही तसंच की. बोलता येतं, ऐकता येत नाही." त्यावरही सगळे हसले.

अंधांसाठी वाचलेल्या पुस्तकांच्या टेप वाचनालयातून येतात. त्या आणल्या. वाचणारा कुणी नट होता, आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. हाल्वरनं अर्धा तास ऐकलं आणि यंत्र बंद केलं. "हा माणूस पुस्तक वाचत नाही, स्वतःला ऐकतो आहे. मी वाचतो तुला. पण माझ्या कपाटातलं. तुझ्या कपाटातलं वाचायला लागलो तर मीच पहिला झोपेन." आमच्या घरात पुस्तकांची वाटणी होती. माझी बैठकीत, काचेमागं. त्याची मागच्या दाराशी, बुटांच्या वर. भांडण कधी झालं नाही. मी त्याच्या कपाटाकडं पाहिलंच नव्हतं, बूट घालताना रोज दिसत असूनसुद्धा.

पहिल्या ईस्टरला डोंगरावर गेलो. दरवर्षीसारखी त्यानं नवी रहस्यकथा घेतली होती. भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचं, पायावर घोंगडी, हातात संत्रं, आणि कुणाचा तरी खून. सगळा देश ईस्टरला हेच करतो आणि मी दरवर्षी शेजारी बसून तोंड वाकडं करत आले. तो वाचायला लागला. "मास्तरीणबाई, पहिलं प्रेत सातव्या पानावर. तुमच्या त्या जाड पुस्तकांत सातशे पानं झाली तरी कुणी मरत नाही, नुसते कंटाळतात." तो वाचता वाचता थांबतो, हे मला ठाऊक नव्हतं. "हा स्वयंपाकी खोटं बोलतोय. इतका नम्र माणूस पैसे तरी बुडवतो नाहीतर खून तरी करतो." दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं लोकांची तोंडं उघडून पाहिल्यामुळं असेल, त्याचा माणसांवर विश्वास कमी आणि जीव जास्त. शनिवारी शेवटच्या प्रकरणाआधी त्यानं पुस्तक मिटलं आणि लाकडं आणायला गेला. उद्या, म्हणाला. राग्ना, मी वर्गात शिकवायचे की कथेत पुढं काय होतं याला सर्वांत कमी किंमत असते. त्या रात्री खिडकी कुणी उघडली या विचारानं माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

मग एकेक सुरू झालं. नर्सच्या प्रेमात पडलेल्या डॉक्टरची गोष्ट, आठवड्याच्या मासिकातली. नायिकेची वाक्यं तो "आ करा, थोडं दुखेल" म्हणायच्या आवाजात वाचायचा. मी हसत होते, आणि एका पानावर, जिथं ती मुलगी रिकाम्या फलाटावर स्वतःचे हातमोजे काढून पुन्हा घालते, रडायला लागले. हाल्वर थांबला. पाणी आणू का, म्हणाला. मी म्हटलं, नको, पुढं वाच, लवकर. दक्षिण ध्रुवावर गेलेल्यांची रोजनिशी ऐकली. बिस्किटं किती, वारा कुठून, कुत्री किती उरली. कुत्र्यांच्या ओळी तो गाळत होता. मला ते दिवसांच्या हिशेबावरून कळलं, मी बोलले नाही. पक्ष्यांचं पुस्तक ऐकलं. पाठ राखी, पोट पांढरं, उडताना शेपटी उघडते, हिवाळ्यात बंदराजवळ, एकटा. मी मुलांकडून जन्मभर असं गद्य मागत होते, आणि ते बुटांच्या वर होतं. पक्ष्याच्या आवाजाचं वर्णन आलं की तो तसा आवाज काढून दाखवायचा. त्याचा गरुड आणि त्याची चिमणी यांत फारसा फरक नव्हता.

दुसऱ्या ग्रहावरच्या गोष्टीला मी नाही म्हटलं. "दोन पानं," तो म्हणाला, "नाही आवडलं तर लगेच पृथ्वीवर परत." त्या ग्रहावर रात्र नसते. तिथली माणसं एकमेकांना झोपेबद्दल विचारतात, जसं आपण मेलेल्या नातेवाइकांबद्दल विचारतो. परत आलो तेव्हा चहा गार झाला होता. माशाच्या गोळ्यांची कृतीसुद्धा त्यानं मला वाचून दाखवली आहे, पाद्री प्रवचन करतो तशी, आणि "चवीपुरतं जायफळ" या शब्दांपाशी थांबून म्हणाला, "कुणाच्या चवीपुरतं? लेखिकेनं जबाबदारी टाळली आहे." या दोन वर्षांत मी जेवढी पुस्तकं ऐकली तेवढी आधीच्या दहांत वाचली नसतील. त्यातली निम्मी मी पूर्वी हातात धरली नसती. मला वाटलं होतं माझं सगळं गेलं, आणि त्याच काळात माझ्या घरात एवढं मोठं जग निघालं. हे तुला आनंदानं लिहायला हवं होतं.

मध्ये उठून किटली उतरवली. परत आले तर कुठवर लिहिलं होतं ते कळायला मार्ग नाही. मंगळवारी बेर्गनला त्याचं ऑपरेशन आहे. हे आधी लिहिलं असेल तर सोडून दे.

शेवटी मी कवितेचा हट्ट धरला. माझ्या कपाटातलं एक तरी, म्हटलं. त्याला कविता वाचता येत नाही. दात उपटावा तशी वाचतो, एका झटक्यात, रुग्णाला कळायच्या आत. गेल्या शरद ऋतूत एका संध्याकाळी मध्येच थांबून त्यानं विचारलं, "ओळ इथंच का तोडली? कागद तर संपला नव्हता." हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं आणि माझ्याकडं त्याला लांबलचक उत्तर होतं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, श्वास घ्यायला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. ओळ संपली की थांबला, श्वास घेतला, पुढची ओळ. आणि त्या थांबण्यात मला ऐकू आलं. श्वासाबरोबर काहीतरी घासत होतं, गंजलेल्या बिजागरीसारखं. इतर पुस्तकांत तो ते खोकल्याखाली, शेरेबाजीखाली दडपत असणार. कवितेत दडपायला जागा नव्हती. मी म्हटलं, हाल्वर, तुझा घसा. तो म्हणाला, "काही नाही, कवीच खरखरीत आहे." नाताळपर्यंत त्यानं डॉक्टरकडं जायचं टाळलं. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारा माणूस आपलं तोंड कुणाला दाखवत नाही.

आता आवाज राहिला आहे तो असा, की मी खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते. आवाजाला विश्रांती द्या म्हणून डॉक्टरांनी बजावलं आहे. तो रोज वाचतो. एकेक पान वाचताना त्याला किती त्रास होतो ते मला जवळून दिसतं, आणि मी पुरे म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, "जपून ठेवून काय करू? मंगळवारी तसाही काढूनच घेणार आहेत." मग विचारलं, "शेवटी काय वाचायचं ते तू सांग." मला एकही नाव सुचलं नाही. कपाटं दोन आहेत, दोन्ही भरलेली, आणि मी त्यांच्यामध्ये उभी राहिले. तो म्हणाला, बरं, मग ईस्टरची रहस्यकथाच, ठरल्याप्रमाणे. घेऊनही आला आहे. यंदा प्रेत पहिल्याच पानावर आहे म्हणे.

पुस्तकांचं माझं काही अडणार नाही. तो नट आहे, टेप आहेत, त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. अडणार आहे ते वेगळंच. इस्पितळातल्या बाई आम्हाला सगळं नीट सांगत होत्या. काही लोक अन्ननलिकेतून बोलायला शिकतात, पण हाल्वरच्या बाबतीत गाठ जिथवर गेली आहे ते पाहता आशा धरू नका. मग उत्साहानं म्हणाल्या, "पण काळजी करू नका, हे तुम्हाला सगळं लिहून सांगू शकतील. आम्ही पाटी देतो." हाल्वर माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं. त्या बाईंना काही कळलं नाही. बाहेर येऊन तो जिन्यावर इतका हसला की कठडा धरावा लागला, आणि मग त्याला ते हसणं थांबवता येईना.

मी बोलेन, त्याला कळेल. तो मान हलवेल, हो किंवा नाही. एवढाच संसार उरेल. हा स्वयंपाकी खोटं बोलतोय, हे मानेनं कसं सांगणार? तो पाटीवर लिहील आणि माझ्यापुढं धरेल, सवयीनं, आणि मी त्या रेघांकडं बघत बसेन. अक्षरं गिरवून ओळखावीत म्हटलं तर त्याचं हस्ताक्षर तुला माहीत आहे. त्याच्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानातून परत येतात. परवा शेजारच्या बाईंना त्यानं लिहिलेली किराण्याची चार नावं वाचायला दिली. दोन चुकली. आणि बरोबर वाचलं असतं तरी, तो मला रात्री जे म्हणेल ते शेजारीण कोटाची बटणं लावत मला वाचून दाखवणार का?

म्हणून तुला लिहिते आहे. ते हस्ताक्षर वाचता येणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. तो उत्तरेत नोकरीला होता तेव्हा दोन हिवाळे त्याची पत्रं तुला येत होती, आणि ऑस्लोच्या आपल्या खोलीत, एकाच पांघरुणात पाय घालून, तू ती मला मोठ्यानं वाचून दाखवायचीस. अडखळायची नाहीस. मी त्याला त्याच्या तोंडून ऐकण्याआधी तुझ्या तोंडून ऐकलं. पुढं काय झालं ते तिघांना ठाऊक आहे, आणि हे पत्र त्याबद्दल नाही. तू ये, राग्ना. किनाऱ्याच्या बोटीनं ये आणि राहा, एक महिना, वसंतभर, जमेल तितकं. तो लिहील, तू वाच. जसं असेल तसं वाच, माझ्यासाठी गोड करू नकोस. यायचं नसेल तर तेही मी समजून घेईन, पण पत्रानं कळवू नकोस, कारण मंगळवारपर्यंत तुझं पत्र मला तोच वाचून दाखवेल, आणि त्याला हे काही सांगितलेलं नाही. सकाळी तो नव्या डॉक्टरकडं दवाखाना सोपवायला जातो, तेव्हा फोन कर. आणि एक. इथं बसून तो कधी तुझ्यासाठी म्हणून काही लिहील. ते तू मनात वाच आणि पाटी पुसून टाक. मला कळणार नाही.

तुझीच, अजूनही,
सिग्रुन