चाकांखालच्या चपला

ती. भाऊजी,

उभ्यानेच नमस्कार करतो. (साष्टांग घालण्याइतकी मोकळी जमीन सध्या आमच्या घरात नाही. परवा पेनाचं टोपण उचलायला वाकलो तर कपाळ करवतीच्या टेबलावर आपटलं, म्हणून वाकूनही करत नाही. गैरसमज नसावा. आदर होता तेवढाच आहे, दाखवायला जागा नाही इतकंच.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, समोर कोण आलं कोण गेलं बघतो आणि दिवस ढकलतो, असं आपण मागच्या पत्रात लिहिलं होतंत. वाचून मला अजिबात बरं वाटलं नाही. पण त्याविषयी मी काही लिहिणार नाही, कारण हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे आणि मला आपल्याकडून काहीएक नको आहे.

आपली यंत्रं सुखरूप आहेत, हे आधी सांगतो. ताई गेल्यानंतर आपण शेडला कुलूप घालायला निघालात आणि मला म्हणालात, ने बाबा सगळं, तुला आवड आहे, मला आता हे डोळ्यांसमोर नको. तेव्हा मी टेम्पो भरून सगळं आणलं. आणताना एक लहानशी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती म्हणजे आपली शेड बस उभी राहील एवढी आणि माझी कार्यशाळा म्हणजे आमची मागची कपडे धुण्याची खोली. (तिला कार्यशाळा फक्त मीच म्हणतो. बाकी घर तिला “तिकडे” म्हणतं.) पट्टा करवत आत गेली तेव्हा मी बाहेर राहिलो. मी आत गेलो तेव्हा रंधा मशीन बाहेर राहिलं. शेवटी ते झोपायच्या खोलीत पलंगाशेजारी ठेवून वर चादर घातली. पाहुणे त्याला पेटी समजून त्यावर बसतात, आणि बसल्यावर दचकून उठतात, कारण चादरीखाली आपण बसवलेलं ते मोठं चाक आहे. क्लॅम्प कपड्यांच्या कपाटात हँगरला लटकवले. लग्नाला जायचं म्हणून हिने घाईघाईने कोट ओढला, तर कोटाबरोबर लांबलचक लोखंडी क्लॅम्प बाहेर आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. लग्नात मी एका पायात बूट आणि एका पायाला पट्टी बांधून वावरलो. विचारणाऱ्या प्रत्येकाला हिने खरं कारण सांगितलं.

मग म्हटलं, जमिनीवर जागा नाही तर भिंतीवर चढावं. भिंत काय, रिकामीच असते. जाड फळी घेतली, तिच्यावर पटाश्या, करवती, रंधे, सगळ्यांच्या आकृत्या पेन्सिलीने काढल्या, म्हणजे कुठली वस्तू कुठे हे लगेच कळावं. फळी अवजड झाली, म्हणून खिळा जाडसर घेतला. भिंत पोकळ विटांची निघाली. खिळा जो आत शिरला तो थेट शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात निघाला. मी माफी मागायला गेलो, तर बाईंनी त्या टोकावर चहाची गाळणी अडकवलेली होती. म्हणाल्या, असू दे हो, इथे मला हुक हवाच होता. आता तो खिळा मला काढता येत नाही (गाळणी पडते) आणि त्यावर वजनही टाकता येत नाही (गाळणी हलते, की त्या भिंतीवर टकटक करतात). त्यामुळे एवढ्या मेहनतीची ती फळी मी पलंगाखाली सरकवली आहे. आकृत्या मात्र सुरेख आल्या आहेत. आपण पाहिल्यात तर खूश व्हाल. अर्थात पाहायला या असं मी म्हणत नाही.

त्यानंतर मला चाकं सुचली. कल्पना अगदी साधी होती: सगळ्या यंत्रांना खाली चाकं लावायची, हवं ते पुढे ओढायचं, नको ते मागे ढकलायचं. हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं, ब्रेकवाली देऊ की साधी? मी हसून म्हटलं, अहो, घरातल्या घरात ब्रेक कशाला, मला काय घाट उतरायचाय? भाऊजी, ती धुण्याची खोली आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. धुण्याच्या खोलीला उतार असतो. पाणी जावं म्हणून गवंड्याने तो मुद्दाम काढलेला असतो, पाण्याच्या जाळीकडे. आणि आमच्या गवंड्याने ती जाळी बरोब्बर दारामागे बसवली आहे, आणि दार आतल्या बाजूला उघडतं.

रंधा मशीनसुद्धा आत घेतलं, दार लावून घेतलं (ही मध्ये मध्ये डोकावते म्हणून), शेवटचं चाक बसवलं, उभा राहिलो आणि समाधानाने हात झटकले. हात झटकायचे म्हणजे यंत्रावरून काढावे लागतात. आधी रंधा मशीन निघालं. घाई नाही, गडबड नाही, एखादं वजनदार माणूस जेवून उठावं तसं. त्याच्यामागे उभं ड्रिल मशीन, त्याच्यामागे करवतीचं टेबल, आणि सगळ्यांना वाट देऊन झाल्यावर पट्टा करवत. सगळी मंडळी दाराशी जाऊन एकमेकांना टेकून उभी राहिली आणि मी खोलीच्या वरच्या टोकाला एकटा. एकाला मागे ओढावं, तर त्याच्या जागेवर दुसरं येऊन बसे. दोघांना धरावं, तर तिसरं दारावर धडकून खात्री करून घेई की दार बंदच आहे. बाहेरून हिने विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, काम चाललंय.

काम बराच वेळ चाललं. शेवटी मला खिडकीच्या गजांमधून परिस्थिती सांगावी लागली. त्यावर ही जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण बोलता बोलता हिने पायातली चप्पल काढली (मी क्षणभर मागे सरलो) आणि गजांतून आत दिली. म्हणाली, चाकाखाली घाला. मग दुसरी दिली. मग माझ्या दोन्ही, मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, मग माझ्या लग्नात आपण मला घेतलेले ते काळे बूट. एकेक यंत्र मागे ओढायचं आणि खाली चप्पल सारायची, असं करत करत संध्याकाळपर्यंत मी माणसांत आलो. पण तेव्हापासून आमच्या घरातली सगळी पादत्राणं यंत्रांखाली आहेत. बाहेर जायचं झालं की आधी ठरवावं लागतं, आज कुठलं यंत्र मोकळं सोडायचं. मी भाजीला ड्रिलच्या चपला घालून जातो, कारण ते सगळ्यांत हलकं. बूट हवे असतील अशा ठिकाणी जाणं सोडलं आहे. पट्टा करवत मोकळी सोडण्याची माझी हिंमत नाही.

एवढ्यावर मी निभावून नेलं असतं. पण आता खरी अडचण आली आहे. लेक पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे, आणि हिने सांगून टाकलं आहे की बाळाचे कपडे धुवायला आणि वाळत घालायला मला माझी खोली हवी. लेक यायच्या आत तिकडचं सगळं हललं पाहिजे, नाहीतर मी हलवते. आणि ही बोलून थांबली नाही, भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, पट्टा करवतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, वजनावर घेऊ. मग त्याने करवतीला बांधलेली ती कापडी पिशवी बघितली. भुसा अंगणभर उडतो म्हणून ताईने जुन्या पडद्याची शिवली होती ती, नाडी ओवलेली, पिवळ्या फुलांची. तो म्हणाला, हे चिंधूक काढून टाका, वजनात धरणार नाही. भाऊजी, मी आयुष्यात कुणावर ओरडलो नाही, पण त्या माणसावर एवढा ओरडलो की पलीकडे गाळणी पडली. तो गेल्यावर मला रडू आलं. हीही तेव्हापासून भंगाराचं नाव काढत नाही. पण खोली हवीच म्हणते, आणि त्यात तिचं काही चूक नाही.

असो. मार्ग निघेल. आपण काळजी करू नये आणि या पत्राचा काही वेगळा अर्थ काढू नये. आपला दिवसभराचा ओट्यावरचा कार्यक्रम सुखेनैव चालू राहो. प्रकृतीला जपावं. थोरांना नमस्कार लिहिला असता, पण आता आपणच थोर उरला आहात.

आपला मेहुणा
(अनवाणी)

ता. क. शेड अजून रिकामीच आहे का? सहज विचारतो. तिथली जमीन सपाट होती, असं आठवतं.

आणखी एक ता. क. आतोबांनी (म्हणजे आपण) केलेल्या पाळण्यात मी झोपायचे, तसाच माझ्या बाळालाही हवा, असा लेकीने फोनवर हट्ट धरला आहे. मी तिला म्हटलं, आता यंत्रं माझ्याकडे आहेत, मीच करतो. लाकूड आणून ठेवलं आहे. सगळं येतंच मला, फक्त पाळणा ज्यांवर डुलतो त्या खालच्या पट्ट्यांना तो जो गोल बाक असतो, तो पट्टा करवतीवर नेमका कसा घेतात, एवढंच उलट टपाली कळवावं.

भाऊजी, आता मी लिहिते आहे. हे अंघोळीला गेलेत. पाकीट उघडंच होतं म्हणून सगळं वाचलं. दाराची गोष्ट खरी आहे, गाळणीचीही खरी. पण ह्यांना सगळं येतं, ही शुद्ध थाप आहे. यंत्रं आल्यापासून ह्यांनी एक फळी कापलेली नाही. दर रविवारी आत जातात, तेल घालतात, पुसतात, ताईंच्या पिशवीची नाडी सोडून पुन्हा बांधतात आणि दार लावून येतात. एकदा मी विचारलं, वापरत का नाही? तर म्हणाले, अगं, आपली थोडीच आहेत, भाऊजींना नकोसं झालंय तोवर ठेवायला दिलीत. हे आपल्याला लिहायची त्यांची छाती होत नाही. दिलेली वस्तू परत करतोय असं आपल्याला वाटेल, म्हणून भितात.

मी भीत नाही. दाराशी टेम्पो उभा आहे. ह्यांना अजून माहीत नाही, बाहेर आले की कळेल. यंत्रं, ती आकृत्यांची फळी आणि पाळण्याचं लाकूड, सगळं पाठवते आहे. चाकं काढायला वेळ नव्हता, म्हणून वाटेत धरून बसायला ह्यांनाही मागेच बसवते. पत्र त्यांच्याच खिशात देईन. चपला सगळ्या चाकांखाली लागतील, तेव्हा हे अनवाणीच उतरतील, तुमची एखादी जुनी जोडी दारात काढून ठेवा.

पाळणा झाला की दोघं मिळून घेऊन या. बाळ बघायला तुम्ही आलंच पाहिजे, ताई असत्या तर त्यांनी तुम्हाला हाताला धरून आणलं असतं. तोवर ह्यांना तिकडेच ठेवून घ्या. जागा फार लागत नाही. फक्त उतारावर ठेवू नका.