बर्गनच्या पाहुणीच्या तीन सहली

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिही, रिस्तेन. मुलगी म्हणून तुझा तेवढा तरी उपयोग होऊ दे. मला अक्षर येत नाही — शाळेच्या वयात महायुद्धानं शाळा जाळली. नवी बांधली तेव्हा मी रेनडिअरच्या कळपामागे डोंगरात होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळेला वाटलं असेल.

परवा रिस्तेनकडे पैसे देऊन राहणारी एक पाहुणी येतेय. पार दक्षिणेकडच्या बर्गनहून, एकटी. तिकडे शहरात बस चालवते म्हणे. आठवडाभर राहणार, त्यात तीन सहली निवडायच्या. रिस्तेननं फळ्यावर पाच मांडल्यात — कुत्र्यांची गाडी, बर्फावरची फटफटी, रात्री आकाशातला उजेड बघणं, रेनडिअरची घसरगाडी आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरणं. शेवटच्या दोन आमच्या आन्तेबरोबर. त्या कोणी घेत नाही!

आन्ते माझा धाकटा. पन्नाशी उलटली, लग्न नाही. तोंडात कायम गुळणी धरल्यासारखा. काल जेवताना एकच शब्द बोलला — "सुरी." मी दिली. संपलं संभाषण.

मी गेल्यावर हा कोणाशी गप्प बसणार? मला दुसरी काळजी नाही. डोळे फिरवू नकोस, रिस्तेन. लिही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आली. राग्नहिल्ड नाव. हात मोठे, बूट शहाणे. घरात आल्यावर आधी शेगडी बघितली आणि न विचारता एक ओंडका सारला. आन्तेहून जरा लहान असेल. नवरा? "होता," म्हणाली. विषय बंद. बरं झालं.

मग फळ्यासमोर उभी राहिली. "बहुतेक जण कुत्र्यांची गाडी घेतात," रिस्तेन म्हणाली.

"कुत्री पळता पळता हगतात," मी सांगितलं. आमची बोली वेगळी, म्हणून मोडक्या नॉर्वेजियनमध्ये. "मागे बसलेल्याच्या अंगावर उडतं."

"आई!"

"खोटं आहे का?"

राग्नहिल्ड म्हणाली, "शनिवारी रात्री माझ्या बसमध्ये याहून वाईट असतं." आणि कुत्रीच निवडली. हट्टी आहे. तेही बरं.

२१ फेब्रुवारी

कुत्र्यांची गाडी हाकतो तो जर्मन. त्याला दाढी आहे आणि तो हसतो. दोन्ही एकाच माणसाकडे असू नये. मला दुपारभर कॉफी गोड लागली नाही.

परत आली. कशी झाली सहल?

"तो फार बोलतो."

मी लगेच तिच्या कॉफीत, आमच्याकडे घालतात तसा, चीजचा मोठा तुकडा टाकला. चांगलं जाड चीज, पाहुण्यांचं पातळ नव्हे.

२२ फेब्रुवारी

दुसरी सहल निवडायची होती. मी काहीही केलं नाही. एवढंच म्हटलं, की फटफटीवर नाक गळून पडतं. एकाचं पडायला आलं होतं! आणि उजेड काय, दारातूनही दिसतो, त्यासाठी गाडी करून कशाला जायचं?

"आई, तू माझा धंदा बुडवणार."

राग्नहिल्डनं रेनडिअरची घसरगाडी निवडली. आन्ते कोपऱ्यात दोर वळत होता. दोर हातातून सुटला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आन्तेला म्हटलं, नवा अंगरखा घाल, लाल पट्ट्यांचा. जुनाच घालून आला. कोपरावर भोक. निघाले. मोठ्या पठारापर्यंत जाऊन आले.

आल्यावर विचारलं, "काय बोललात रे?"

"वारा," आन्ते म्हणाला.

राग्नहिल्ड म्हणाली, "हो, वाऱ्याबद्दल बोललो." आणि रस्सा दोनदा वाढून घेतला.

आता घरात असे घुमे दोन झाले! रिस्तेन, हसू नकोस, अक्षर हलतं.

२४ फेब्रुवारी

वादळ. सहली बंद. आन्ते तीनदा लाकडं घेऊन आत आला. लाकडाची पेटी सकाळपासून भरलेली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी सहल — मासे. तिनं फळा न बघताच सांगितलं. दोघं दिवसभर तळ्यावर, एका भोकाशी दोन डोकी. मी खिडकीतून बघत होते. कोणी हललं नाही. मला वाटलं, आता जमलं.

संध्याकाळी आली ती तोंड पाडून. मासे टोपलीभर होते, म्हणजे मासे कारण नव्हतं.

"मी त्याला विचारलं, तुझ्याकडे रेनडिअर किती आहेत? तर म्हणाला, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. म्हणजे काय?"

रिस्तेनचा चमचा खाली पडला.

अगं बाई, हे विचारत नाहीत! बँकेत तुझे किती आहेत, असं कोणी कोणाला विचारतं का? माझ्या नवऱ्यानं मला आकडा सांगितला तो दुसरं मूल झाल्यावर. तोही कमी करून. परके विचारतात, तेव्हा हे ठरलेलं उत्तर द्यायचं, म्हणजे समोरचा गप्प बसतो. रिस्तेननं तिला नीट समजावलं.

ती लाल झाली. मग हळूच म्हणाली, "हे तो सगळ्या पाहुण्यांना सांगतो?"

"सगळ्यांना."

"म्हणजे मीही पाहुणीच."

मी माझ्या वाटचं जाड चीज तिच्यापुढे सारलं. हे लिहून ठेव, असं पुन्हा होणार नाही. आन्ते दारात उभा होता. ऐकलं त्यानं. टोपी घातली आणि निघून गेला.

२६ फेब्रुवारी

तिनं सामान भरलं. उद्या सकाळची बस. आन्ते कळपाकडे गेलाय, रात्री आलाच नाही. जेवायला तिघी होतो. पन्नास वर्षं झाली याला जन्म देऊन, आणि एक गोष्ट धड सांगता येत नाही!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बस गेली. ती गेली नाही. पहाटे आन्ते फटफटी घेऊन दारात आला, म्हणाला, "चल." ती गेली, सामान दारातच टाकून. दुपारी दोघं परतली. भुवयांवर बर्फ, कपड्यांना कळपाचा वास. तो हात धुवायला गेला तेव्हा मी तिला जवळ ओढलं.

"सांगितला आकडा?"

"सांगितला."

"किती?"

तिनं शेगडीत ओंडका सारला. "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत, आजी."