डिचोली बाजारातल्या शिंपल्यांच्या खिडक्यांबाबत

मी, सत्यवती शंभू च्यारी, वय सदुसष्ट, अविवाहित, राहणार डिचोली बाजार, डोके ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. वडील सुतार; बाजारातले आमचे माडीचे घर त्यांनीच बांधले. त्यात अर्धा वाटा माझा, अर्धा धाकटा भाऊ नारायण याचा. गोवा मुक्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी वडिलांची दृष्टी गेली. तेव्हा खिडक्या व्हायच्या होत्या. काचेच्या जागी शिंपले कातरून बसवायचे, अशा बाराही खिडक्या मी केल्या. कोणी विचारले की वडील सांगत, "नारायणान केल्यो." मुलीचे नाव घेतले तर गिऱ्हाईक येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. नारायणने ते कधीच खोडून काढले नाही.

१९९१ साली मी दहा दिवस वाळपईला मावसबहिणीकडे होते. परतले तर माडीवर अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. नारायण म्हणाला, "बाय, पावस भितर येतालो. बरें केलें न्हय?" खिडक्या त्याने समुद्राकाठच्या एका हॉटेलवाल्याला विकल्या होत्या. मी बसने बघायला गेले. जेवणघराच्या भिंतीवर त्या टांगल्या होत्या, मागे विजेचे दिवे. खाली पाटी: 'कारागीर नारायण च्यारी'. वेटरने विचारले, "आजी, कोण पाहिजे?" मी पुढच्या बसने परत आले.

२. माझा वाटा नारायणला मिळावा. मात्र खिडक्या कोणी केल्या, हे त्याने साक्षीदारांसमोर स्वहस्ते लिहून दिले तरच. नाही दिले तर तो वाटा त्याची मुलगी, माझी भाची सुमंगला हिचा.

३. स्वयंपाकघराची खिडकी शिंपले तडकलेले म्हणून हॉटेलवाल्याने नाकारली. ती आणि माझी सगळी हत्यारे सुमंगलाला. घरात तिनेच मला विचारले होते, "आत्ये, शिंपलो कातरतना फुटना कसो?"

४. माझा फोटो वडिलांच्या फोटोशेजारी लावू नये.

५. आज सकाळी दोन्ही साक्षीदारांसमोर हे सर्व नारायणला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आतां हें कोण वाचतलो, बाय?" मी म्हटले, "तू." त्याने पेन घेतले. मग सोबतच्या कागदावर लिहिले: 'खिडक्या माझ्या बहिणीने केल्या. मला लाज वाटायची म्हणून मी त्या विकल्या.'

दुसरे वाक्य मी मागितले नव्हते. ते वाचूनही वरचे एकही कलम मी बदललेले नाही.

सही: सत्यवती शंभू च्यारी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. गोपाळ सगुण नाईक, खालच्या दुकानाचे भाडेकरू
२. सरस्वती विठ्ठल गावकर, निवृत्त शिक्षिका

डिचोली, ९ नोव्हेंबर १९९७