विमानाचा पार्ट

बा, तू गेलास त्याला अकरा वर्षं झाली. आता तू रागावणार नाहीस असं धरून सांगते. वाडा तालुक्यातल्या कंपनीत मी सीएनसी मशीनवर लागले तेव्हा तू एवढंच विचारलं होतंस, "करतेस काय गं तिथं?" मी सांगितलं, मी आकडे लिहून देते, त्याप्रमाणे मशीन दार लावून आत धातू कापते आणि मी बाहेरून काचेतून बघते. तू नागलीच्या शेताकडे बघितलंस आणि म्हणालास, "मंजे राखण." दोन दिवसांत अख्ख्या साखरशेत गावाला कळलं की तुझी पोरगी कंपनीत राखणीला आहे. जव्हारच्या आयटीआयला दोन वर्षं हात काळे केले ते राखणीसाठी नव्हते, बा. मला ते फार लागलं.

म्हणून दसऱ्याला, कंपनीत घरच्यांना आत सोडतात तेव्हा, मी तुला घेऊन गेले. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "देवाचं झालं. आता काम दाखव." मी तयारीतच होते. पितळेचा भोवरा तुझ्यासमोर काढून गरम गरम तुझ्या हातात ठेवायचा, असा माझा बेत. त्याचा प्रोग्राम मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत लिहीत होते. सुपरवायझर साहेब पेढा खात म्हणाले, "सणाचा दिवस आहे, एकच पीस. आधी रिकामं चालवून बघितलंस ना?" मी म्हणाले, "हो साहेब." बघितलं नव्हतं. दार लावलं, तुझ्याकडे बघितलं आणि हिरवं बटण दाबलं.

आमच्या मशीनला साठ मिलिमीटर सांगायचं तर साठ लिहून पुढे पॉइंट, म्हणजे दशांशाचा ठिपका, द्यावा लागतो. पॉइंट राहिला तर तेच साठ तिला केसाच्या जाडीएवढं वाटतं. माझा राहिला होता. पितळेच्या बाहेर थांबायचं ते टूल सुसाट मधोमध घुसलं. धाड! हार खाली पडला, लाल दिवा लागला, साहेबांच्या हातातला अर्धा पेढा हातातच राहिला. नोकरी गेली म्हणूनच समजले. आणि तू टाळ्या वाजवल्यास. साहेबांकडे वळून म्हणालास, "ही काय नुसती राखण नाय. जोर लागतो." साहेबांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, उरलेला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हो काका. फारच जोर लागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्या शिफ्टसमोर उभं करून पॉइंट म्हणजे काय ते अर्धा तास सांगायला लावलं. तुला कसं सांगणार? आत अडकलेला तो पितळेचा वाकडा तुकडा तू मागून घेतला होतास. तुला वाटलं, हेच काढायचं होतं. घरी देवांच्या फळीवर ठेवलास. कोणी विचारलं की सांगायचास, "कंपनीचा पार्ट हाय. विमानात बसतो." हे विमान तू कुठून आणलंस, मला आजही माहीत नाही. दर सुट्टीला मी ठरवून यायचे की आज सांगायचंच, आणि दर सुट्टीला तू कोणाला तरी तो दाखवत असायचास. "हात धुऊन धर," म्हणायचास.

आता सगळ्या मशीनचे प्रोग्राम मीच लिहिते. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पॉइंट बघते, नव्या मुली मागून हसतात. हे पत्रही प्रोग्रामच्या वहीतच लिहितेय, कुठे टाकायचं नाहीच, तर एक शेवटचंही सांगून टाकते. तुझ्या दहाव्याला शेजारचे काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, खरं सांग, तो पार्ट विमानात बसतो काय?"

मी म्हणाले, "पुढच्या चाकात, काका. त्याच्याशिवाय उडतच नाही."