सरांच्या तलावाची नवी वाळू

सर, तुमची मुलगी म्हणाली, "बाहेरचा माणूस कशाला, तूच बदल की फिल्टर," आणि त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलेला मी. गावाकडं, कन्नडला, घरी कुणी माझ्याशी धड बोलत नाही, आणि ही मला घरचा म्हणते? तिला मी हवाय का नुसतं माझं काम, एवढंच मला कळत नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून पोहण्याचा क्लास तीच चालवते. तुम्ही बसवलेली फिल्टरची टाकी, तलावाचं पाणी वाळूतून गाळणारी, गंजून गेली होती. उघडली तर आतली वाळू ढेकळासारखी घट्ट. सगळी उपसली, नवी टाकी जोडली. तळातल्या नळ्या मोडू नयेत म्हणून आधी निम्मं पाणी भरलं, मग हळूहळू नवी वाळू सोडली. तुम्ही मागं उभे आहात असंच वाटत होतं. शाळेत असताना शर्यत हरलो म्हणून मी पाण्यावर बुक्क्या मारत होतो आणि तुम्ही कठड्यावरून ओरडलात, "ए बैला, पाणी परत मारत नाय म्हणून हाणतो व्हय?" दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला पोहायचा चष्मा आणून दिलात.

राग अजून तसाच आहे, सर. वाळूजहून सामान पुरवणारा एकजण बुलेटवर येतो. आला की तिच्याशी बोलतच उभा. त्याला चहा कपात, मला स्टीलच्या ग्लासात. त्यानं आणलेली वाळू मी पोतं-पोतं चाळून बघितली, काही खोट सापडंना. शेवटी तिला विचारलंच, "त्याला कप अन् मला ग्लास?"

"ग्लासात जास्त मावतो, येड्या!"

आज तो बायको आन् लेकीला घेऊन आला, लेकीचं नाव क्लासला घालायला. तरी मला वाटलं, संशय येऊ नये म्हणून मुद्दामच आणलं असेल दोघींना.

आत्ता मी पंपाच्या खोलीत बसून लिहितोय. पाणी निवळलंय, तळाच्या फरश्या स्वच्छ दिसतायत. काकूंनी नव्या टाकीपुढं हळद-कुंकू, नारळ ठेवलाय आणि दोन पाट मांडलेत. "नव्या वस्तूची पूजा जोडीनं करायची असती," एवढंच बोलून गेल्या. एका पाटावर त्यांची लेक बसणार. दुसऱ्यावर कोण, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एवढं सगळं मी करायचं आणि पूजेला भलताच कुणी बसायचा, म्हणून आतल्या आत धुमसत होतो. तेवढ्यात ती दारात आली.

"असल्या ग्रीसच्या हातानं बसणार का पूजेला? जा, आंघोळ कर. आई कवाची थांबलीय."

"मी?"

"नाय तर कोण? लई शहाणा आहेस!"

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगतो. तिनं 'जा' म्हटलं तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं, माझ्या मागं दुसरं कुणी उभं आहे का. भिंत होती, सर. नुसती भिंत. कागद खिशात घालतो. आता बाहेर निघालो, दार ओढून घेतो.